गरोदरपणात फिटची गोळी: लॅमोट्रिजिन की लेव्हेटिरासिटाम?

माझ्या धाकट्या बहिणीला फिट येतात. दिवस राहायच्या आधीच परळच्या न्यूरोलॉजिस्टनी तिची व्हॅल्प्रोएट बंद करत आणली, कारण त्या गोळीवर बाळात मोठं व्यंग निघण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जातं. उरलेल्या दोन्ही पर्यायांत ते इतर गरोदरपणांइतकंच, साधारण २ ते ३ टक्के.

लॅमोट्रिजिनने मन शांत राहतं. पण डोस आठवड्या-आठवड्याने चढवावा लागतो. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. शिवाय गरोदरपणात वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत ही गोळी भराभर बाहेर टाकतं, रक्तातली पातळी निम्म्यावरही येते. पाचव्या महिन्यात दादरच्या पुलावर बहिणीचा उजवा हात झटके देऊ लागला, हातातली भाजीची पिशवी सुटली. पातळी तपासून डोस वाढवला. बाळंतपणानंतर तोच डोस जड होतो, चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तो उतरवावा लागतो.

लेव्हेटिरासिटाम काही दिवसांतच पुरेशा डोसवर नेता येते. मूत्रपिंडावाटे जाते, पातळी तिचीही घसरते. मात्र काहींना भयंकर चिडचिड, उदासी येते.

हाताशी वेळ असेल तर मला लॅमोट्रिजिन बरी वाटते. फिट जोरात असतील तर लेव्हेटिरासिटाम. स्तनपान दोन्हींवर चालतं. "बाळासाठी गोळ्याच सोड," असं घरचे म्हणतील. कृपा करून ऐकू नका, अचानक थांबवलं तर मोठी फिट येऊन आईच्या जिवावर बेतू शकतं.