नमपाय २.० : कापसाचा एक अख्खा हंगाम वापरल्यानंतर

नमपाय २.० आली १६ जून २०२४ ला. १.० आली होती २००६ मध्ये. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आकडेमोड करणारं जवळजवळ सगळंच ज्या लायब्ररीवर उभं आहे, तिनं आवृत्तीचा पहिला आकडा (१ चा २) बदलायला अठरा वर्षं घेतली. तरी आवृत्ती आली तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न हाच होता, "नवीन काय दिलंय?" दाखवण्यासारखं तसं फार नाही. जे बदललंय ते आतून बदललंय, आणि माझ्या मते म्हणूनच ही आवृत्ती मोलाची आहे.

आमचं काम जळगावात. जिनिंगवाल्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, खरेदीचे हिशेब, काटा पावत्या, गाठींचा स्टॉक, आणि बाजूला केळीच्या पानांच्या फोटोंवरून करपा रोग ओळखण्याचा एक छोटा प्रकल्प. कार्यालयांत सगळीकडे विंडोज, आमचा सर्व्हर लिनक्सवर. कापूस यायला लागला की चालू प्रोग्रामला हात लावायची सोय नसते. म्हणून बदल उन्हाळ्यातच केला आणि २०२४-२५ चा हंगाम पूर्ण नव्या नमपायवर काढला.

आमच्यासाठी सगळ्यात मोठा बदल पूर्णांकांचा. १.x मध्ये (१.० पासूनच्या जुन्या आवृत्त्यांत) साध्या, म्हणजे प्रकार वेगळा न सांगितलेल्या, पूर्णांकाचा आकार सी भाषेतल्या 'लाँग' ह्या पूर्णांकाच्या प्रकारावरून ठरायचा. लिनक्सवर हा लाँग ६४ बिटांचा, विंडोजवर मात्र ६४ बिटांच्या मशीनवरही ३२ बिटांचाच. त्यामुळे तोच कोड, तीच पावती, आणि दोन मशीनवर दोन उत्तरं येऊ शकत. ३२ बिटांत जास्तीत जास्त मावतात २,१४,७४,८३,६४७. हा आकडा मोठा वाटतो, पण कापसाच्या हिशेबात तो एका गाडीतच गाठला जातो.

कसा ते बघा. रुपयांचा हिशेब दशांशात ठेवला की चार-आठ आण्यांचा फरक पडतो, म्हणून आम्ही सगळं पैशांत आणि पूर्णांकांत ठेवतो. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे ७,५२,१०० पैसे. काट्यावरचं वजन किलोत येतं. आधी वजन गुणिले दर, मग भागिले शंभर, हा सरळ हिशेब. गाडीत २,८५५ किलो माल असेल तर गुणाकार २,१४,७२,४५,५०० येतो आणि जेमतेम मावतो. एक किलो वाढला की २,१४,७९,९७,६००. हा मावत नाही. विंडोजवर १.२६ मध्ये असे आकडे अॅरेत (नमपायच्या आकड्यांच्या रांगेत) घालून गुणले की उत्तर येतं उणे २,१४,६९,६९,६९६. ना एरर, ना वॉर्निंग. शेतकऱ्याला २,१४,७९९ रुपये ७६ पैसे द्यायचे आणि पडद्यावर उणे दोन लाख चौदा हजार. छोट्या गाड्यांच्या पावत्या बिनचूक, भरलेली ट्रॉली आली की उलटं.

हे आम्हाला फार पूर्वीपासून माहीत होतं. एका जिनिंगच्या चाचणीत धरणगावकडचे दिवाणजी पडद्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "भाऊ, हाई काय शे?" (हे काय आहे?) तेव्हापासून प्रत्येक अॅरे तयार करताना इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक) लिहायचंच, असा आमच्याकडे नियम. पण नियम पाळणारी माणसं बदलतात, नवीन मुलं येतात. प्रत्येक नव्या फाइलमध्ये तोच शब्द शोधत बसण्यात तपासणीचा बराच वेळ जायचा. (तक्त्यांसाठीच्या पांडाज लायब्ररीतून सीएसव्ही फाइल वाचली तर पूर्णांक आधीपासून ६४ बिटांचेच यायचे. भानगड व्हायची ती यादीतून थेट अॅरे बनवला किंवा नुसतं 'इंट'मध्ये रूपांतर केलं तिथे.) २.० मध्ये ६४ बिटांच्या विंडोजवरही साधा पूर्णांक ६४ बिटांचा झाला. हंगामभर रोज संध्याकाळी कार्यालयातल्या मशीनची बेरीज आणि सर्व्हरची बेरीज ताडून पाहिली, आणि ह्या कारणाचा फरक एकदाही निघाला नाही.

दुसरा बदल प्रकार ठरवण्याच्या नियमांचा. फोटोंचं काम करणाऱ्यांनी हा नीट समजून घ्यावा. फोटोतला प्रत्येक बिंदू ० ते २५५ मधला, म्हणजे युइंट८ (८ बिटांचा, उणे नसलेला पूर्णांक). पूर्वी अशा अॅरेत साधा आकडा मिळवला तर उत्तराचा प्रकार त्या आकड्याच्या किमतीवरून ठरायचा. १०० मध्ये २०० मिळवले तर २०० हे ८ बिटांत मावतात, म्हणून उत्तरही ८ बिटांत, आणि २५५ च्या पुढे गेलं की परत ० पासून मोजणी होऊन ते ४४. पण ३०० मिळवले तर प्रकार आपोआप १६ बिटांचा होऊन उत्तर बरोबर ४००. पानाच्या फोटोचा उजेड वाढवणाऱ्या ओळीत ही असली चूक शोधणं किती जिवावर येतं, ते काम केलेल्यालाच कळतं. आता प्रकार अॅरेच ठरवतो. ३०० मिळवायला गेलात तर ओव्हरफ्लोचा, म्हणजे आकडा मावत नसल्याचा, एरर येतो. २०० चे अजूनही ४४ च होतात, तेवढं ध्यानात ठेवा. आधी प्रकार मोठा करून घेणं तुमच्याच हातात आहे. पण निदान नियम एकच आहे आणि तो किमतीप्रमाणे फिरत नाही.

त्रास झाला नाही असं नाही. १.x वर बांधलेली, सीमध्ये लिहिलेली पॅकेजेस २.० वर चालत नाहीत, ती पुन्हा बांधून यावी लागतात. काट्याच्या आकड्यांसाठी आम्ही वापरतो त्यातलं एक पॅकेज उशिरा आलं, तोवर त्या मशीनवर नमपाय दोनच्या खालीच थांबवून ठेवली. जुनी नावंही बरीच काढून टाकलीत. मोठ्या अक्षरातले 'इन्फ' (अनंत) आणि 'नॅन' (आकडा नाही) गेले, गुणाकाराचं 'प्रॉडक्ट' गेलं, आता लहान अक्षरातले 'इन्फ', 'नॅन' आणि 'प्रॉड' वापरायचं. रफ ह्या कोड तपासणीच्या साधनात ह्यासाठी वेगळा नियम दिलाय, त्यानं बहुतेक नावं स्वतःच बदलली. 'कॉपी=फॉल्स'चा (प्रत काढू नको, ह्या सूचनेचा) अर्थही आता कडक झाला. पूर्वी गरज पडली तर गुपचूप प्रत काढली जायची, आता प्रत काढावी लागत असेल तर एरर येतो. मोठ्या फाइलींवर मेमरी कुठे जाते ते आम्हाला त्यामुळेच दिसलं.

छपाईचा बदल मात्र काही दिवस छळतो. नमपायच्या आकड्यांची यादी थेट मजकुरात घातली की ७५२१.० ऐवजी 'एनपी डॉट फ्लोट६४' आणि कंसात आकडा असं दिसतं. व्यापाऱ्यांना जाणाऱ्या भावाच्या मेसेजमध्ये हे चालणार नाही. 'टू-लिस्ट' करून (साध्या पायथन यादीत बदलून) पाठवलं की प्रश्न मिटतो. लॉग वाचताना मात्र हीच छपाई मला आता आवडते, आकडा पायथनचा की नमपायचा ते लगेच कळतं.

वेगाबद्दल थोडक्यात: एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकडे हाताळण्याची सोय) असलेल्या प्रोसेसरवर सॉर्ट आणि आर्गसॉर्ट, म्हणजे क्रम लावणारी फंक्शनं, जास्त चपळ झालेत. हंगामभराच्या पावत्या तारखेनं लावताना ते जाणवतं. त्यासाठी बदल करा असं मी म्हणणार नाही. पैशाचा हिशेब विंडोजवर करत असाल तर मात्र जरूर करा, आणि हंगामाच्या आधी करा.

एक गोष्ट आधी तपासा. आपल्या भागात बाजार समितीच्या आसपासच्या दुकानांतून, जुन्या जिनिंगांतून अजून ३२ बिटांचं पायथन टाकलेली मशीनं सापडतात. तिथे २.० टाकली तरी साधा पूर्णांक ३२ बिटांचाच राहतो. अशा मशीनवर आधी ६४ बिटांचं पायथन घाला, मग नमपाय. विंडोजच जुनी ३२ बिटांची असेल तर इंट६४ लिहिण्याचा नियम तिथे चालूच ठेवा. आमच्याकडे अशी दोन ठिकाणं आहेत, आणि तिथे तो चालू आहे.