केंद्रनिहाय निकालपत्रक: लहान गावाचा कौल वाचण्यासाठी किती उपयोगी?

मतमोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी ‘फॉर्म २०’ या नमुन्यात अंतिम निकालपत्रक तयार करतात. मतदारसंघातील प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली आणि ‘नोटा’चे बटण कितींनी दाबले, हे त्यात एकेका ओळीत नोंदलेले असते. गोव्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ही पत्रके कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्या गावाने काय ठरवले, हे चहाच्या दुकानातील तर्कांऐवजी आकड्यांतून समजून घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

गोव्यात विधानसभेचे मतदारसंघ चाळीस आणि तेही लहान, त्यामुळे एका वाड्याची मतेसुद्धा निकाल फिरवू शकतात. २०२२ मध्ये साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत केवळ ६६६ मतांनी निवडून आले. अशा ठिकाणी मतदारसंघाची एकूण बेरीज फारसे काही सांगत नाही. कोणत्या केंद्रावर आघाडी मिळाली आणि कोणत्या केंद्रावर ती घटली, हे पाहिल्यावरच निकालाचा अर्थ लागतो, आणि ते दाखवण्यात हे पत्रक निःसंशय सरस आहे.

गोव्यातील सत्तरी तालुक्याचा अभ्यास करणाऱ्याला तर त्याची किंमत विशेष जाणवते. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले, तरी सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांचा ओढा फुलाच्या चिन्हाकडे, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याकडे होता. पुढे याच सत्तरीतून माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे अनेक दशके निवडून येत राहिले आणि तेथील पर्ये हा मतदारसंघ काँग्रेसचा बालेकिल्ला मानला गेला. २०२२ मध्ये ते रिंगणात नव्हते. त्यांच्या सूनबाई देविया राणे भाजपच्या उमेदवार होत्या आणि त्या १३,९४३ मतांनी विजयी झाल्या. पक्ष बदलला, घराणे तेच राहिले. ग्रामीण गोव्यात राजकीय कल म्हणजे पक्षनिष्ठा असे गृहीत धरणाऱ्यांनी २०१७ आणि २०२२ ची पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. कूळ-मुंडकारांचे (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचे आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) प्रश्न, आल्वारा म्हणजे पोर्तुगीज राजवटीत सरकारने दिलेल्या जमिनींची मालकी, सरकारी नोकरीची आशा आणि आजारपणात धावून येणारा माणूस, या गोष्टी तेथे चिन्हापेक्षा अधिक वजनदार ठरतात, असे माझे मत आहे.

मतदानाच्या प्रमाणाबाबत मात्र हे पत्रक अपुरे आहे. केंद्रावर एकूण किती मते पडली हे त्यात कळते, परंतु त्या केंद्राच्या यादीत मतदार किती होते, हा रकाना तेथे नाही. म्हणून टक्केवारी काढायची असेल तर मतदारयादी वेगळी शोधावी लागते. शिवाय केंद्राचा केवळ क्रमांक दिलेला असतो, तेव्हा शाळेचे किंवा वाड्याचे नाव जुळवण्यासाठी केंद्रांची यादीही हाताशी ठेवावी लागते. राज्यात २०१७ मध्ये सुमारे ८३ टक्के, २०२२ मध्ये सुमारे ७९ टक्के, तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ७६ टक्के मतदान झाले. ही उतरण उदासीनतेची आहे, की परदेशी गेलेल्यांची आणि मृतांची नावे यादीत राहिल्यामुळे दिसणारी आहे, हे गावपातळीवर तपासता आले पाहिजे. पत्रकात मतदारसंख्येचा एक रकाना वाढवला तरी या कामाला मोठी मदत होईल.

माझा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. चारशे-पाचशे मतदारांच्या केंद्रावर एखाद्या उमेदवाराला सहा मते पडली, तर ती सहा माणसे कोण असावीत याची चर्चा गावात दुसऱ्या दिवशी सुरू होते. कायद्याने मत गुप्त असते, पण वाड्याचे मत उघडे पडते, आणि रस्ता, नळजोडणी वा नोकरी यांसाठी त्याच प्रतिनिधीकडे जावे लागणाऱ्या माणसाला त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. अनेक केंद्रांची मते यंत्रातच एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती. ती अमलात आलेली नाही. अभ्यासक म्हणून मला केंद्रनिहाय आकडे हवे आहेत, तरीही अगदी लहान केंद्रांची मते शेजारच्या केंद्रांसह एकत्र जाहीर व्हावीत, असेच मी म्हणेन. आकड्यांची थोडी बारकाई गमावणे हे दुर्बल मतदाराच्या निर्भयतेपुढे क्षुल्लक आहे.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्या पक्षचिन्हांवर होत नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे या पत्रकांशी थेट ताडून पाहू नयेत. एका केंद्रावरील मतदारांची कमाल मर्यादा आता १,५०० वरून १,२०० वर आणलेली असल्याने पुढील निवडणुकीत अनेक केंद्रांचे क्रमांक बदलण्याची शक्यता आहे. २०२७ च्या विधानसभा निवडणुकीची तुलना करू इच्छिणाऱ्यांनी २०१७ आणि २०२२ ची पत्रके त्या त्या वर्षीच्या केंद्रांच्या याद्यांसह आताच उतरवून घ्यावीत आणि जुळणी क्रमांकावरून न करता केंद्राच्या इमारतीवरून आणि तेथे जोडलेल्या वाड्यांवरून करावी.