'उसने परत' असं मी माझ्याच हातानं लिहिलं

७,९८,२५० रुपये. आमच्या ह्यांची साखर कारखान्यातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी ठेवीत होती, ती मुदतीआधी मोडली आणि मुलीची परदेशातली फी भरायची म्हणून १५ जानेवारी २०२५ ला सकाळी पावणेबारा वाजता एका अनोळखी चालू खात्यावर पाठवली. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. सासूबाई असत्या तर त्या दिवशी घरातून पैसा बाहेर काढू दिला नसता.

मी सांगलीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शेकडेवारी शिकवते. हे मुद्दाम लिहितेय, कारण 'शिकलेल्या माणसांनी असं फसावं?' असं मला आतापर्यंत निदान वीस जणांनी ऐकवलंय. फसवणारे शिकलेल्यांनाच गाठतात. ज्याला टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, काय ते माहीतच नाही, त्याला टीसीएस वाचवण्याचं आमिष दाखवता येत नाही.

मुलगी इंग्लंडला एमएस्सीला. फी १९,५०० पौंड. जून २०२४ मध्ये ४,००० पौंड डिपॉझिट आम्ही आमच्या पैशातून बँकेमार्फत पाठवले, ४,३०,००० रुपये. राहिलेल्या फीचे दोन हप्ते, प्रत्येकी ७,७५० पौंड. फ्लॅट तारण ठेवून २० लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं होतं. सप्टेंबरचा हप्ता बँकेनं थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठवला, ८,७२,६५० रुपये. कर्जाचे पैसे आपल्या हातात येत नाहीत, ते बँकेकडून सरळ विद्यापीठाला जातात. त्या वेळी मला हा जाच वाटायचा, दर वेळी कागद, दर वेळी सही. आपलं संरक्षण त्याच कागदांत होतं.

घोडं अडलं दुसऱ्या हप्त्याला. त्याची तारीख १७ जानेवारी. बँक म्हणाली, पहिल्या सत्राचा निकाल दाखवा, मग पुढचे पैसे सोडू. निकाल लागणार फेब्रुवारीत. मुलगी रोज रात्री फोन करायची, 'आई, काहीतरी कर, नाहीतर नाव काढतील.' शाळेतून घरी येऊन मी एकच हिशोब मांडायचे. आपल्या पैशांनी भरावं आणि निकाल आल्यावर पावती दाखवून बँकेकडून कर्जाची रक्कम घ्यावी, एवढं बँकेनं तोंडी मान्य केलं होतं. पण डिपॉझिट आणि तिच्या राहण्याचा खर्च मिळून त्या आर्थिक वर्षात माझ्या पॅनवर ६,६०,००० आधीच परदेशी गेले होते. त्या वेळचा नियम असा, की शिक्षणासाठी स्वतःचे पैसे वर्षाला सात लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस. कर्जातून गेले तर अर्धा टक्का. पौंडाचा बँकेचा दर १०७.८०. म्हणजे ८,३५,४५० आणि टीसीएसचे ३९,७७२, शिवाय बँकेचे चार्जेस. सगळं धरून ८,७६,९०० च्या घरात.

आणि तिथे तो माणूस उभा राहिला. ज्याच्यामार्फत आम्ही प्रवेश घेतला तो सांगलीच्या विश्रामबागेतला सल्लागार. म्हणाला, आमचं फॉरेक्सवाल्यांशी, म्हणजे परकी चलन देणाऱ्यांशी, टायअप आहे, १०३ रुपयांनी पौंड, टीसीएस नाही, चार्ज नाही, २४ तासांत विद्यापीठाची पावती. ७,९८,२५० द्या आणि निवांत झोपा.

त्याच्यावर विश्वास का ठेवला? व्हिसाचं, व्हिसासोबत भरायच्या आरोग्य अधिभाराचं सगळं काम त्यानं चोख केलं होतं. अधिभाराचे पैसे मुलीच्या डोळ्यांदेखत सरकारी साइटवर भरले होते, एक रुपया इकडचा तिकडे नाही. आणि त्याच्या ऑफिसात बसणारा एक मुलगा माझा विद्यार्थी निघाला. चौथीत होता माझ्या वर्गात. पहिल्याच दिवशी उठून पाया पडला, 'बाई, ओळखलंत का?' ज्याला आपण बाराखडी गिरवायला शिकवलं, त्याच्या ऑफिसात आपण सावध बसत नाही. तो सामील होता की त्यालाही काही माहीत नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. माझा फोन तो उचलत नाही.

माझे दीर तासगावला असतात, द्राक्षबाग आहे. ते म्हणाले होते, 'वहिनी, घाई करू नका. कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा मी सौद्याला काढतो, तीनेक लाख होतील. टीसीएस जाऊ दे, पण बँकेतूनच पाठवा.' दिरासमोर हात पसरायला नको म्हणून मी नाही म्हटलं.

आता बँकेतला तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. खातं निघालं कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावाचं, शाखा दुसऱ्या राज्यातली. मी विचारलं तर सल्लागार म्हणाला, 'फॉरेक्सवाल्यांचं सिस्टर कन्सर्न आहे, बाई.' आरटीजीएसचा फॉर्म भरत होते. खाली रिमार्कचा रकाना होता, त्यात मी 'ट्यूशन फी' लिहायला सुरुवात केली. 'ट्यू' लिहून झालं होतं. तेवढ्यात त्याचा फोन. 'बाई, रिमार्कमध्ये फी लिहू नका, टीसीएस लागेल. उसने परत एवढंच लिहा.' मी तो 'ट्यू' खोडला. निळ्या शाईच्या दोन रेघा मारल्या, वर 'उसने परत' लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलंसुद्धा, 'मॅडम, एवढे कोणाला?' मी म्हटलं, 'नातेवाइकांना.' तिनं माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

फी भरायला निघालेल्या बाईला कोणी 'फी' लिहू नको म्हणतो, तिथेच फॉर्म फाडायला हवा होता. आणि दर! त्या दिवशी बाजारातच पौंड १०५ च्या पुढे होता. घाऊक भावापेक्षा स्वस्त पौंड कोण विकतो? दुकानदार खरेदीपेक्षा कमी दरानं माल विकत असेल तर तो माल कुठला, हे चौथीतलं पोरगं विचारेल. मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त ७८,६५० रुपये वाचले एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर खरंच फी भरलेली दिसली. मुलीनं स्क्रीनचा फोटो पाठवला. एकाखाली एक चार ओळी, २,०००, २,०००, २,००० आणि १,७५० पौंड. ती म्हणाली, 'आई, चार वेळा का? आणि कार्ड का लिहिलंय?' सल्लागार म्हणाला, कार्डाची मर्यादा असते. मुलीला दिसलं, मला दिसलं नाही. उलट मीच तिला म्हटलं, 'तू अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघतो.' तिला गप्प केलं, हे मी स्वतःला माफ करू शकत नाही.

७ फेब्रुवारीला त्याच चार ओळींखाली तेवढ्याच रकमा वजा होऊन आल्या. प्रकार तुम्ही ओळखला असेलच. फी भरली होती चोरीच्या कार्डावरून. कार्डाच्या खऱ्या मालकानं तक्रार केली, विद्यापीठानं पैसे परत केले. आमचे खरे पैसे मात्र केव्हाच पुढे गेले होते. विद्यापीठाचं पत्र आलं, १४ दिवसांत फी भरा. वर तिलाच प्रश्न, हे कार्ड तुझ्याकडे कुठून आलं? माझी मुलगी परक्या देशात एका खोलीत बसून चोर नसल्याचे पुरावे देत होती.

आणि ज्याच्यापायी हे सगळं केलं, ती मुदत? मुलीनं फी विभागाला मेल केला, कर्जाचा पुढचा हप्ता निकालावर अडलाय, बँकेचं मंजुरीपत्र सोबत जोडलंय. एका मेलवर त्यांनी २८ फेब्रुवारीपर्यंत थांबायचं मान्य केलं. एका मेलवर! हाच मेल जानेवारीत केला असता तर? तुमच्या मुलांना सांगा, आधी विद्यापीठाला लिहा, विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर, स्वतः. मधल्या माणसाला लिहायला लावू नका.

निकाल २४ फेब्रुवारीला आला आणि बँकेनं २७ ला हप्ता पाठवला. तोवर पौंड चढून दर १११.४० झाला होता, म्हणून ८,६३,३५० गेले. या वेळी मी व्यवहाराची स्विफ्ट कॉपी मागून घेतली. कोणत्या बँकेतून कोणत्या खात्यात किती पौंड गेले, सगळं त्यात असतं. ती दाखवू शकत नाही त्यानं पैसे पाठवलेच नाहीत, असं समजा.

तक्रारीचं काय सांगू. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी नोंद घेतली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. तो फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो आणि मला फसल्याचंच तेवीस दिवसांनी कळलं. पुढे त्या खात्यात ११,३४० रुपये गोठवले गेले. तेवढे मिळायलाही तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, हे सायबरचं आहे. सायबरवाले म्हणाले, तुम्ही बँकेत जाऊन सही करून दिलेत, यात सायबर काय? ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला साहेब भेटले, कागद बघितला आणि म्हणाले, 'मॅडम, इथे तुमच्याच अक्षरात उसने परत लिहिलंय. तुम्ही उसने घेतले होते, परत केलेत. फसवणूक कुठाय?' मी तिथे रडले. पस्तीस मुलांसमोर उभी राहणारी बाई त्या लाकडी बाकावर रडली. बँकेत गेले तर तिथेही तोच कागद काढून दाखवला, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आमची जबाबदारी नाही. तो सल्लागार म्हणाला, फॉरेक्सवाल्यानं मलाही बुडवलं. आणि महिन्यानं ऑफिसला कुलूप. अकरा चकरा मारल्या मी, सगळ्या किरकोळ रजा संपल्या. 'प्रकरण दिवाणी आहे' हे वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकलं की मला पाठ झालं. चोरीच्या कार्डावरून फी भरतात, विद्यापीठ तसं लेखी देतं, आणि आमच्याकडे ते दिवाणी!

शेवटी माझ्या एका माजी विद्यार्थिनीनं, ती आता वकील आहे, नीट तक्रार लिहून दिली. पोलीस नोंद घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवता येते आणि तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, हे तेव्हा कळलं. हद्द आमची नाही हेही कारण चालत नाही, नोंद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. ९ एप्रिलला गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), फसवणुकीचं कलम. तोंडी बोलत बसू नका. प्रत्येक चकरेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पहिल्या सात चकरांचा माझ्याकडे कागदच नाही.

ज्या टीसीएससाठी मी हे केलं तो बुडत नाही. तो आपल्या पॅनवरच्या कर-तपशिलात (तेव्हाचा फॉर्म २६एएस) दिसतो, रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. हे मला माहीत होतं. दरवर्षी शाळेतल्या चार जणांचे रिटर्न मीच बघते. आणि १ एप्रिल २०२५ पासून तर बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर टीसीएस राहिलाच नाही, स्वतःच्या पैशांची मर्यादाही दहा लाख झाली. तेव्हा टीसीएसची भीती घालणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परदेशी पैसे पाठवताना ते कशासाठी पाठवतोय हे सांगणारा ए२ फॉर्म बँकेत भरावा लागतो. तो न भरता तुमचे रुपये 'पौंड होऊन जातो' म्हणतात तेव्हा ते कुठेही जात नसतात.

आज कर्ज १७,३६,००० आहे. साडेदहा टक्क्यांनी महिन्याला १५,१९० रुपये नुसतं व्याज. कोर्स आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही हे खरं, पण व्याज चढतच असतं, म्हणून ते मी पगारातून भरते. ठेवीचं हे कधी बोलत नाहीत. पासबुक मात्र त्यांनी कपाटात सगळ्यात खाली ठेवलंय.

त्याच ट्रेडर्सच्या खात्यावर पैसे भरलेले आणखी तीन पालक मला सापडलेत, दोन मिरजेचे, एक जयसिंगपूरचे. जयसिंगपूरच्यांच्या पावतीवरही रिमार्क 'उसने परत'च आहे. चौघांचे रिमार्क सारखे निघाले तर ते आमचे शब्द नाहीत हे सिद्ध होईल, असं वकील मुलगी म्हणते. पुढच्या सोमवारी आम्ही एकत्र अर्ज देणार आहोत. तुमच्याकडे अशी पावती असेल तर लाज बाजूला ठेवा आणि बँकेत जाऊन फॉर्मची प्रत काढून घ्या.