फ्रिज बसवायला आलेला माणूस कंपनीचा नव्हता

दिवाळीच्या सेलमध्ये आम्ही दोन दरवाजांचा मोठा फ्रिज घेतला. दारातूनच गार पाणी आणि बर्फ देणारा, म्हणजे थेट नळाची लाइन जोडावी लागणारा. दुकानदाराने सांगितलं होतं, कंपनीचा माणूस दोन-तीन दिवसांत येऊन जोडून देईल. तीन दिवस कोणी फिरकलं नाही. घरात पाहुणे येणार होते. मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर पुणे’ टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. चूक तिथेच झाली.

समोरची मुलगी गोड बोलली. फ्रिजचं मॉडेल विचारलं, पत्ता घेतला. तासाभरात माणूस दारात हजर. अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र मी वाचलं नाही. माझा मिस्टरांशी फोन चालू होता, सासूबाईंनी त्याला चहा दिला.

त्याने मला सांगितलं, “मॅडम, फ्रिजसोबत पाण्याचं किट येत नाही, वेगळं घ्यावं लागतं.” पाइप आणि कनेक्टरचे 1,500, फिल्टरचे 2,600, प्रेशर रेग्युलेटरचे 2,200, फिटिंगचे 1,000 आणि व्हिजिटचे 500. एकूण 7,800 रुपये. रेग्युलेटर कशाला, असं मी विचारलंही. “प्रेशर जास्त आलं तर आतला व्हॉल्व्ह फुटेल, मग वॉरंटी गेलीच समजा.” वॉरंटीचं नाव काढलं की माणूस गप्प बसतो. मीही बसले. पैसे त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर स्कॅन करून दिले. स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं होतं. बिल व्हॉट्सॲपवर येईल म्हणाला. ते आजतागायत आलेलं नाही.

जोडणी वीस मिनिटांत उरकली. सिंकखालच्या पाइपला त्याने टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, न बसवता नुसता क्लॅम्प आवळला, भोक पाडलं आणि तिथून पाव इंची नळी फ्रिजमागे नेली. दारातून पाणी आलं, पण करंगळीएवढीही धार नव्हती. “हवा अडकलीय, उद्यापर्यंत सुटेल,” म्हणून तो गेला.

तिसऱ्या रात्री सासूबाई पहाटे पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघरात त्यांचा पाय घसरला. ओट्याची कड हाताला लागली म्हणून वाचल्या. त्यांचं वय 74 आहे. लाइट लावला तर सिंकखालून फ्रिजपर्यंत पाणी पसरलेलं, ट्रॉलीचं प्लायवुड खालून फुगलेलं. त्या क्लॅम्पच्या कडेने थेंब थेंब गळत होतं. खाली बसून मी नॅपकिनने पाणी टिपत होते आणि हात थरथरत होते. 7,800 रुपयांचं मला काही वाटत नव्हतं, त्या पडल्या असत्या तर काय, हेच डोक्यात होतं.

सकाळी वॉरंटी कार्डावर छापलेल्या नंबरवर फोन केला. कळलं, आमच्या नावाने जोडणीची कुठलीही तक्रार बंद झालेली नाही, उलट ती अजून प्रलंबित आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीचा खरा माणूस आला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “किट कुठे आहे?” नळी, कनेक्टर आणि फिल्टर फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सीलबंद पिशवीत येतात, असं तो म्हणाला. माझ्या मुलीने खोका उघडताना हौसेने फोटो काढले होते. त्यातल्या एकात ती पिशवी स्पष्ट दिसते. म्हणजे आधीच्या माणसाने आमचंच किट उचलून बॅगेत टाकलं आणि आम्हालाच दुसरं विकलं. बसवलेला फिल्टर नकली निघाला, त्यावर बॅच नंबरसुद्धा नव्हता.

रेग्युलेटरची गोष्ट तर ऐकूनच अंगाचा तिळपापड झाला. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. टाकी डोक्यावर जेमतेम चार मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं, म्हणजे आमच्याकडे अर्धा किलोही नाही. आमच्या फ्रिजच्या पुस्तिकेत किमान 20 पीएसआय, म्हणजे जवळपास 1.4 किलो प्रेशर हवं असं लिहिलंय. रेग्युलेटर प्रेशर कमी करतो. आम्हाला हवा होता छोटा बूस्टर पंप, आणि त्याने त्याच्या नेमकं उलट गळ्यात मारलं. खालच्या मजल्यावरच्या घरात प्रेशर खरंच जास्त असू शकतं, पण मोजल्याशिवाय ते कुणी सांगू शकत नाही आणि त्याच्याकडे गेजच नव्हता.

आमच्या सोसायटीच्या प्लंबरने तो क्लॅम्प काढून टी आणि अँगल कॉक बसवला, म्हणजे गळती झाली तर फ्रिजची लाइन तेवढी बंद करता येते. पंप आणि अस्सल फिल्टरचा खर्च पुन्हा झाला. कंपनीच्या माणसाने पहिलं काही लिटर पाणी सोडून दिलं आणि पहिला बर्फही टाकायला सांगितला. आधीच्याने यातलं काहीच केलं नव्हतं आणि आम्ही ते पाणी तीन दिवस प्यायलो.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून ऑनलाइन तक्रार नोंदवली, पण तोवर पाच दिवस उलटले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर पुढच्या खात्यात ते कदाचित अडवता आले असते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही सगळं सांगितलं. क्यूआरचा स्क्रीनशॉट, मुलीचे फोटो आणि त्या क्लॅम्पचा तुकडा, सगळं एका पाकिटात ठेवलंय.

तो नंबर बनावट आहे, असं मी शोधपानावर तीनदा कळवलं. आज सकाळी पुन्हा पाहिलं. तोच नंबर, तसाच सगळ्यात वर.