डिटेक्टर उत्तम, चार्जिंग केबल भिकार : हंगामभर वापरल्यानंतर

मधल्या किमतीतला, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारा (मल्टी-फ्रिक्वेन्सी) मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीत पुरलेला धातू शोधायचं मशीन. सोबत येते तीच 11 इंची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी. स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतील, ती उगाळत बसत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, वॉरंटीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

भांडण केबलवरून. सरळ यूएसबी-सी द्यायचं सोडून यांनी चुंबकाने चिकटणारी स्वतःची केबल काढली. हे मशीन जाणार कुठे, तर शेतात. तिथे गंजलेल्या खिळ्यांची आणि घोड्याच्या जुन्या नालांची भुकटी त्या चुंबकावर दाढीसारखी उगवते. टूथब्रशने घासून घासून मी कंटाळलो. शेवटी एक पिन काळी पडली आणि इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये ताजी नांगरट झालेली असताना मशीन घरी पडून राहिलं. सर्व्हिसवाले म्हणतात, केबल वॉरंटीत बसत नाही. नवी केबल घ्या, वर टपालखर्चही तुमचाच. एवढ्या पैशांत दोन केबल खोक्यात टाकायला काय जात होतं?

असो. आता मशीनबद्दल. नाण्यांसारखे सिग्नल सोडून बाकीचे आवाज दाबून टाकणाऱ्या ‘कॉइन’ मोडवर सुरुवातीला मी बेहद्द खूश होतो. व्हिक्टोरियाच्या काळातलं शिलिंग कॉइलखाली आलं की पडद्यावरचा आकडा, म्हणजे खाली काय असेल त्याचा मशीनचा अंदाज, खणखणीत वर. 1920 पर्यंत ब्रिटिश चांदी 92.5 टक्क्यांची होती आणि ती नाणी जाडजूड, त्यामुळे शंकेला जागाच नसायची. पण जुनी, हातोड्याने ठोकून पाडलेली नाणी कागदासारखी पातळ. आकडा धातूइतकाच जाडीवर आणि आकारावरही ठरतो. त्यात नाणं तुटकं असेल तर चांगल्या चांदीचा आकडाही चॉकलेटच्या चांदीशेजारी जाऊन बसतो, आणि नेमका तोच भाग हा मोड गप्प करून टाकतो.

मोड बंद करून सगळे आवाज ऐकायला लागलो तेव्हा पहिली अर्धी पेनी हाती लागली. मोडलेली नव्हे, मुद्दाम कापलेली. 1279 नंतर एडवर्ड पहिल्याने गोल फार्दिंग (पाव पेनी) आणि हाफपेनी (अर्धी पेनी) पाडायला घेतली. त्याआधी सुटे पैसे हवे असले की पेनीच मागच्या क्रुसाच्या रेषेवर कापायचे, अर्धी किंवा पाव. माझ्या तुकड्यावर क्रुसाचा एक हात आणि चार अक्षरं शिल्लक आहेत, कापलेली कड अजून सरळ आहे. त्यानंतर पहिल्या एलिझाबेथ राणीचं सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनीचं नाणं मिळालं. राणीच्या मानेमागचं गुलाब स्पष्ट, पण कडा चोरट्यांनी इतक्या कातरलेल्या की अक्षरांची डोकीच नाहीत, आणि नांगराच्या फाळाने मधोमध घडी घातलेली. ती सरळ करायला जाऊ नका, जुनी चांदी तडकते.

म्हणून मत बदललं : मशीन पाच तारे, कॉइन मोड दोन. मोड बंद ठेवला तर कॅनच्या कड्या आणि फॉइलचे कपटे भरपूर खणावे लागतात. ज्या शेतात शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट पडलंय तिथे तर जाऊच नका, नुसतं ॲल्युमिनियम.

पैसे वसूल होतील म्हणून घेणार असाल तर विसरा. कातरलेल्या नाण्याला भाव नाही, आणि शेतकऱ्याशी निम्म्या वाटणीचं ठरलेलं असतं. अर्ध्या पेनीचं निम्मं काय करणार, त्याने हसून सोडून दिलं. 300 वर्षांवरची दोन किंवा जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली तर मात्र 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या धनाची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवायचं. सुटं नाणंही मी जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्यांकडे नोंदीला देतो. तिथल्या बाईंनी माझा कापलेला तुकडा राणीच्या नाण्याइतक्याच आस्थेने मोजला.

पुण्याहून चुलतभाऊ विचारतोय, एक पाठव, गडावर नेतो. नाही पाठवणार. संरक्षित गडावर खणणं गुन्हा आहे, आणि 1878 च्या कायद्याने दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शिवाय तिकडे त्याला ती केबल मिळायची नाही.