नवीन फ्लोअर म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा! जुनी गाडी असेल तर वाचा

मंडळी, माझे साडेअठरा हजार गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून टाइप करतोय.

आमची मारुती ८००, २००३ ची, बाबांनी घेतलेली. घर अलिबागला, खारी हवा, गाडी अंगणात उघड्यावर, म्हणजे पत्रा सडणारच. २०२३ ला परत पासिंग आलं (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं) म्हणून साफसफाईला मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखाली पंजा जाईल एवढं भोक, खालची जमीन दिसतेय!

हायवेवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली. गोडबोल्या माणूस. "दादा, सगळा सडका पत्रा कापून २० गेजचा नवा टाकतो, वर कोटिंग, दहा वर्षं बघायला नको." चार दिवसांनी गेलो तर खाली काळंकुट्ट चकचकीत कोटिंग, आत नवी मॅट, मी खूश. बिल म्हणून वहीच्या कागदावर 'फ्लोअर काम' एवढंच लिहून दिलं आणि मी बावळट तेवढ्यावर पैसे देऊन आलो. पासिंगपण झालं, काय बोलणार.

जून लागला आणि गाडीत कुबट वास यायला लागला, मॅटखालचा नमदा पिळला तर पाणी. तरी मी म्हटलं पावसाळा आहे, चालायचंच. मग एक दिवस बाबा म्हणाले, ब्रेक मारला की सीट पुढे कलते रे. तिथे मात्र टरकली, कारण ८०० ला जीपसारखी वेगळी चासी नसते, फ्लोअर हाच गाडीचा कणा आणि सीटपण त्यालाच बोल्ट केलेली.

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. काकांनी कोटिंग खरवडलं, आत जुना सडका पत्रा जसाच्या तसा, त्यावर कागदासारखा पातळ पत्रा, वेल्डिंगचे टाके मोजून सहा, बाकी रिव्हेट, आणि फटीत लांबी (भोकं बुजवायची पुटी) आणि फायबर थापलेलं. पातळ पत्रा उपटून उलटा केला तर त्यावर पिवळंधमक सूर्यफूल! तेलाचा डबा कापून लावला होता हो. काका हसून हसून खाली बसले, मला हसावं की रडावं कळेना.

वर कहर म्हणजे फ्लोअरला पाणी निघायला भोकं असतात, रबरी बुचं लावलेली, त्यांच्यावरपण कोटिंग फासलेलं. आणि पाणी येत होतं पुढच्या काचेच्या रबरातून, ते त्या डेंटिंगवाल्याने बघितलंच नाही. गंजावर कोटिंग मारलं की ओल आतच कोंडते आणि राहिलेला पत्रापण खाते, हे काकांनी सांगितलं तेव्हा मला कळलं.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, "कोटिंग तुम्ही खरवडलं ना, मग गॅरंटी संपली." म्हणजे खरवडल्याशिवाय दिसणार नाही आणि खरवडलं की गॅरंटी नाही!

तर तुम्ही करणार असाल तर मॅट, नमदा, सीट आधीच काढून किती सडलंय ते स्वतः बघा, स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा, चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते कळतं. कापलेला पत्रा मागून घ्या, नाही दिला तर कापलाच नाही समजा. वेल्डिंग झालं की कोटिंगच्या आधी जाऊन बघा, नुसतं टाके मारून सोडलंय की कडेने सगळं बंद केलंय, वर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) मारलंय का. लोहचुंबक फिरवा, लांबी आणि फायबरवर चिकटत नाही. पण मला चुंबकाने काही कळलं नसतं, तेलाचा डबापण लोखंडीच, म्हणून टोचणं महत्त्वाचं. आणि वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची वायर काढलीय का, पेट्रोलचा नि ब्रेकचा पाइप बाजूला केलाय का हे विचाराच, ते फ्लोअरखालूनच जातात, आमच्या ब्रेक पाइपवर ठिणग्यांचे डाग निघाले.

काकांनी सहा दिवस घेतले, रोज संध्याकाळी मी जाऊन बसायचो. काचेचं रबर पहिलं बदललं, मग पत्रा. परवा धो धो पाऊस झाला, आत एक थेंब नाही. बाबा अजून गाडीत बसले की चप्पल काढून तळव्याने चाचपून बघतात.