वायफाय दिसेना म्हणून मदरबोर्ड बदलायला निघालात? आधी हे तपासा

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातली फसवणूक साधारण अशी होते. लॅपटॉपवर विंडोज ११ असतं, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात, म्हणजे पार्टिशनवर, उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकलेली असते. काही दिवस दोन्ही नीट चालतात. मग एका सकाळी उबुंटूत वायफायचं चिन्हच नसतं, सेटिंग्जमध्ये 'नो वाय-फाय अ‍ॅडॅप्टर फाउंड' एवढंच येतं. कधी उलट होतं, उबुंटूत नेट चालू आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड गायब. दुकानदार लॅपटॉप दहा मिनिटं आत नेतो आणि बाहेर येऊन सांगतो, "लिनक्स टाकलंत ना, त्यानं बोर्डवरचा वायफायचा सेक्शन उडालाय. बोर्ड बदलावा लागेल, नाहीतर चिप लेव्हलचं काम." मागितलेली रक्कम आठ हजार असते, कधी अठरा. ग्राहक घासाघीस करून ती सहावर आणतो आणि दोन दिवसांनी चालू वायफाय घेऊन घरी येतो. त्या लॅपटॉपमध्ये बदललेलं काहीच नसतं. बॅटरीचा कनेक्टर काढून परत लावलेला असतो.

एवढ्यावर वायफाय परत का येतं हे कळलं, तर हे सहा हजार वाचतात. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. आपण शटडाउन दाबतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नेलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि काही उपकरणं अर्धवट अवस्थेत सोडली जातात. वायफाय कार्ड त्यातलंच एक. पुढच्या वेळी ग्रबमधून, म्हणजे चालू होताना येणाऱ्या निवडीच्या यादीतून, उबुंटू निवडलं की लिनक्सचा ड्रायव्हर कार्डात फर्मवेअर (कार्डाचं आतलं सॉफ्टवेअर) भरायला जातो आणि कार्ड उत्तर देत नाही. कधी ते पीसीआय बसवरच, म्हणजे कार्डाला बोर्डशी जोडणाऱ्या मार्गावरच, दिसत नाही. बॅटरी तोडली की कार्डाची वीज पूर्ण जाते आणि ते नव्यानं सुरू होतं. बोर्ड बिघडलेला नसतोच.

याची खूण सोपी आहे. विंडोजमधून रिस्टार्ट करून उबुंटूत गेल्यावर वायफाय दिसतं आणि शटडाउन करून पुन्हा चालू केल्यावर दिसत नाही, असं असेल तर कारण हेच. रिस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं, शटडाउनमध्ये होत नाही. उपाय असा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' आणि तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढून सेव्ह करायचं. त्यानंतर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. दुकानात आत नेऊन जे केलं जातं ते स्क्रू न काढता इतक्यात होतं. काही थिंकपॅडच्या तळाला यासाठीच बारीक रिसेटचं छिद्र असतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर फास्ट स्टार्टअप कधी कधी परत चालू होतं, तेवढं बघत जा. ते बंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे: विंडोज अर्धवट बंद असताना लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात.

'लिनक्समुळे बोर्ड जळतो' हे वाक्य भीती घालण्यासाठीच वापरलं जातं. लिनक्सनं हार्डवेअरला त्रास दिल्याची एक खरी घटना आहे: डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मधल्या एका ड्रायव्हरमुळे काही लेनोवो आणि इतर लॅपटॉपची बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग्ज बिघडली आणि ती आवृत्ती डाउनलोडवरून काढून घेण्यात आली. तो प्रश्न बायोसच्या चिपपुरता होता, वायफाय कार्डाशी त्याचा संबंध नव्हता. दुकानदार 'सेक्शन उडाला' म्हणाला तर कोणत्या बिंदूवर किती व्होल्टेज हवं होतं आणि मीटरवर किती आलं, हे विचारा. खरोखर चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर हे आनंदानं दाखवतो.

उरलेली तपासणी क्रमानं करा. आधी ब्लूटूथ बघा. लॅपटॉपच्या आत खाचेत बसणाऱ्या एम.२ कार्डात वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असतात, पण वायफाय पीसीआय मार्गानं जातं आणि ब्लूटूथ यूएसबी मार्गानं. ब्लूटूथ चालत असेल तर कार्ड खाचेत बसलेलं आहे आणि त्याला वीज मिळते आहे. मग बायोसमध्ये वायरलेस बंद केलेलं नाही ना ते पाहा. बायोस उघडायला चालू होताना डेल आणि असूसवर एफ२ दाबा, एचपीवर एफ१०. त्यानंतर उबुंटूच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसपीसीआय' (lspci) ही आज्ञा द्या, सगळी अक्षरं लहान आणि सलग. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ आली तर कार्ड बसवर दिसतंय आणि प्रश्न ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा आहे. त्याच आज्ञेपुढे जागा सोडून वजा चिन्ह आणि के (lspci -k) दिलं की कोणता ड्रायव्हर लागला तेही कळतं. 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) या आज्ञेच्या उत्तरामध्ये 'हार्ड ब्लॉक्ड येस' असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा बाजूची कळ तपासा.

ड्रायव्हरचा प्रश्न बहुतेकदा लिनक्स कर्नेलच्या वयाचा असतो. इंटेल एएक्स२१० या वायफाय कार्डाला कर्नेल ५.१० पासून आधार आहे, मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२ पासून, रिअलटेक आरटीएल८८५२बीई ला ६.२ पासून. उबुंटू २२.०४ सुरुवातीला ५.१५ कर्नेल घेऊन आलं, म्हणून आरटीएल८८५२बीई असलेल्या लॅपटॉपवर त्या कर्नेलमध्ये वायफाय दिसतच नाही. २४.०४ सुरुवातीलाच ६.८ घेऊन आलं, तिथे दिसतं. ब्रॉडकॉमच्या कार्डांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या अनेकांचा ड्रायव्हर आपल्याच मशीनवर तयार होतो, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर चालू न देणारी बायोसची सोय) चालू असताना रीबूटच्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवली नाही तर तो लागत नाही. कर्नेल अपडेटनंतर वायफाय गेलं असेल तर ग्रबमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुनं कर्नेल निवडून बघा. तिथे चाललं तर दुकानाची पायरी चढायचं कारण उरत नाही. तोवर अँड्रॉइड फोनची यूएसबी टेदरिंग (केबलनं फोनचं नेट लॅपटॉपला देणं) उबुंटूत वेगळा ड्रायव्हर न टाकता चालते. सिक्युअर बूटला हात लावण्याआधी मात्र बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. विंडोजनं ती मागितली आणि जवळ नसेल तर ते उघडणार नाही, आणि मग दुकानदाराला फॉरमॅटचे वेगळे पैसे मिळतात.

दुसरी फसवणूक कार्डाच्या अदलाबदलीची. खरंच कार्ड गेलं असेल तर सुटं एम.२ २२३० मापाचं कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं आणि ते बसवणं एक स्क्रू आणि दोन अँटेना वायरींचं काम आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डलाच झाळलेलं असतं, तिथे हे चालत नाही. इथे डाव असा टाकतात: एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये इंटेल एएक्स२०१ किंवा एएक्स२११ लावतात, ते दिसत नाही, आणि 'नवं कार्डही उठत नाही, म्हणजे बोर्डच गेला' असा पुरावा दाखवतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ पूर्ण कार्डं नाहीत. त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडी लॅपटॉपमध्ये ती कधीच दिसणार नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० लागतं. काही जुन्या एचपी आणि लेनोवो मॉडेल्समध्ये बायोस अनोळखी कार्ड नाकारतं. लेनोवोवर १८०२ हा एरर क्रमांक येतो. तोही बोर्डचा दोष नाही.

चांगलं दोन अँटेनांचं कार्ड काढून एका अँटेनाचं जुनं लावणं हाही प्रकार होतो. म्हणून लॅपटॉप देण्याआधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'गेटमॅक' (getmac) देऊन कार्डाचा बारा अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा. कार्ड विंडोजमध्ये दिसत नसेल तर उबुंटूतून घ्या, तिथेही नसेल तर राउटरच्या जुन्या नोंदीत तो सापडतो. कार्ड बदललं की हा पत्ता बदलतो. एसएसडीचा अनुक्रमांक आणि रॅमचा आकडाही टिपा. काय बिघडलं, कोणता भाग बदलणार, जुना भाग परत देणार, हे जॉब शीटवर लिहून सही घ्या. 'नंतर सांगतो' म्हणणाऱ्याकडे लॅपटॉप ठेवू नका.

यूएसबी डोंगलमध्येही, म्हणजे बाहेरून लावायच्या वायफाय कार्डातही, फसगत आहे. खोक्यावर १२०० एमबीपीएस छापलेलं आणि आत फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी १५० एमबीपीएसची चिप. घरी आल्यावर उबुंटूत 'एलएसयूएसबी' (lsusb) या आज्ञेच्या यादीतला क्रमांक पाहून चिप ओळखा. काही रिअलटेक डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हसारखी दिसतात, ती लगेच बाद समजू नका.

सर्वांत महाग पडते ती फोनवरची 'मदत'. वायफाय ड्रायव्हर शोधताना जाहिरातीत कंपनीचा म्हणून भलताच टोल फ्री क्रमांक येतो. पलीकडचा माणूस स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि दहा रुपयांच्या 'नोंदणी'साठी बँकेचं पान उघडायला लावतो. ड्रायव्हर फक्त लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पानावरून घ्या. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुकानदारानं फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सोबत बिल, जॉब शीट, आधीचा आणि नंतरचा मॅक पत्ता, आणि दुसऱ्या दुकानातून बोर्ड मूळचाच असल्याचं लेखी जोडा.